सूर्याची रोजनिशी लिहिणारा रिचर्ड कॅरिंग्टन

शाळेपासून आपण थोरांची चरित्रे वाचत आलो. त्या चरित्रांचा एक ठराविक घाट असतो. थोर पुरुष लहानपणीच काही संकल्प करतो, मार्गात संकटे येतात, तो त्यांना तोंड देतो आणि अखेर संकल्प सिद्धीस नेतो. रिचर्ड कॅरिंग्टनविषयी वाचू लागलो तेव्हा हेच वाचायला मिळेल अशी माझी समजूत होती. पण या माणसाने अकरा वर्षांचा संकल्प केला आणि आठवे वर्ष चालू असताना तो सोडून दिला. ज्या पदाची इच्छा धरली ते पद मिळाले नाही. उतारवयात घर बांधले, त्या घरात सुख नांदले नाही. पन्नाशीही न गाठता तो गेला. तरीही आज सूर्याचा अभ्यास करणारा जगातला कोणताही शास्त्रज्ञ दिवस मोजतो ते कॅरिंग्टनने घालून दिलेल्या मोजणीने. हे कोडे मला स्वस्थ बसू देईना, म्हणून हा लेख.

मी कला शाखेचा विद्यार्थी. सूर्याशी माझा संबंध भूगोलापुरता, तोही परीक्षेपुरता. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा धडा शिकवताना सहज सांगितले, की इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळाची एक महत्त्वाची नोंद आपल्या मुंबईत, कुलाब्याला झाली, आणि त्या वादळाला नाव मात्र एका इंग्रज गृहस्थाचे आहे. तास संपला, मुले उठली, सर फळा पुसू लागले. माझ्या डोक्यात ते नाव राहिले.

कॅरिंग्टनचा जन्म २६ मे १८२६ रोजी लंडनमधील चेल्सी भागात झाला. १८२६ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने कुलाबा वेधशाळा स्थापन केली, आणि त्याच सुमारास जर्मनीत देसाउ गावच्या हाइनरिख श्वाबे या औषध विक्रेत्याने सूर्यावरचे डाग रोज मोजायला सुरुवात केली. या तीन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढे तेहतीस वर्षांनी जुळला.

वडिलांचा ब्रेंटफर्ड येथे बीअरचा मोठा कारखाना होता. घरात पैशाची ददात नव्हती. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असा घरचा बेत होता, आणि त्यासाठीच १८४४ साली त्याला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात घातले. तेथे प्राध्यापक चॅलिस यांची ज्योतिषशास्त्रावरील व्याख्याने त्याने ऐकली आणि घरचा बेत तेथेच बारगळला. १८४८ मध्ये तो गणितात छत्तिसावा रँग्लर म्हणून उत्तीर्ण झाला. रँग्लर हा शब्द ऐकला की आपल्याला रँग्लर परांजपे आठवतात. ते १८९९ मध्ये त्याच परीक्षेत पहिले आले होते. त्या मानाने छत्तिसावा क्रमांक काही डोळे दिपवणारा नव्हे. मला या छत्तिसाव्या क्रमांकामुळेच कॅरिंग्टन जरा जवळचा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वडिलांनी या बदलाला विरोध केला नाही, ही त्यांच्या पदरी घालण्यासारखी गोष्ट. १८४९ च्या ऑक्टोबरात तो डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून लागला. वेध घेण्याची शिस्त त्याने तेथे अंगी बाणवली, पण तिथली उपकरणे त्याच्या मनातल्या कामाला पुरी पडणारी नव्हती आणि नवी मिळण्याची चिन्हे दिसेनात. मधल्या काळात, २८ जुलै १८५१ रोजी, स्वीडनमध्ये जाऊन त्याने खग्रास सूर्यग्रहण पाहिले. १८५२ च्या मार्चमध्ये नोकरी सोडली आणि स्वतःचीच वेधशाळा बांधायची असे ठरवले.

लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात रेडहिल नावाचे ठिकाण आहे. तेथे एका टेकाडावर जागा घेऊन त्याने राहते घर आणि त्याला लागून वेधशाळा उभी केली. जुलै १८५३ मध्ये काम सुरू झाले. मुख्य काम रात्रीचे होते. बेसेल आणि आर्गेलांडर या जर्मन ज्योतिर्विदांनी आकाशाच्या मोठ्या भागातील तारे मोजून काढले होते, पण उत्तर ध्रुवाभोवतालचा नऊ अंशांचा पट्टा राहून गेला होता. तो कॅरिंग्टनने पुरा केला. ३७३५ ताऱ्यांची स्थाने त्याने निश्चित केली. ही यादी १८५७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या खर्चाने छापली गेली आणि तिच्यासाठी १८५९ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्याला मिळाले. एवढ्यावरही त्याचे नाव जाणकारांत राहिले असते. पण आज त्या ताऱ्यांच्या यादीची आठवण क्वचितच कोणी काढते.

रात्र ताऱ्यांना दिली, मग दिवसाचे काय करायचे? येथे तो श्वाबे पुन्हा येतो. श्वाबेने सतरा वर्षे डाग मोजून १८४३ मध्ये जाहीर केले होते, की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते व घटते. आठ वर्षे कोणी विशेष लक्ष दिले नाही. मग हुम्बोल्ट या थोर प्रवाशाने आपल्या ग्रंथात ते कोष्टक छापले आणि एकदम खळबळ उडाली. नंतरच्या हिशेबाने हा फेरा सरासरी अकरा वर्षांचा ठरला. पण श्वाबेने मुख्यतः डागांचे समूह मोजले होते. डाग नेमका कोठे आहे, कोणत्या अक्षांशावर आहे, तो किती वेगाने सरकतो, सूर्याचा आस किती कललेला आहे, याविषयी एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नव्हते. कॅरिंग्टनने ठरवले की अकरा वर्षांचा एक पुरा फेरा आपण एकट्याने, एकाच दुर्बिणीने, एकाच पद्धतीने नोंदवायचा. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सुरुवात झाली ९ नोव्हेंबर १८५३ रोजी.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात गुंतागुंतीचे यंत्र नाही. साडेचार इंच व्यासाच्या दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचे नाही, बघितले तर डोळाच जाईल. दुर्बिणीच्या मागे फिकट पिवळसर रंग दिलेला पडदा धरायचा. त्यावर सूर्याची सुमारे अकरा इंच व्यासाची प्रतिमा पडते. दुर्बिणीत सोन्याच्या दोन चपट्या तारा एकमेकींना काटकोनात छेदतील अशा बसवलेल्या असतात, आणि सूर्य ज्या दिशेने सरकतो त्या दिशेशी प्रत्येक तार पंचेचाळीस अंशांचा कोन करते. आता दुर्बीण तशीच स्थिर ठेवायची. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे प्रतिमा आपोआप पडद्यावरून सरकू लागते. सूर्याची पुढची कडा पहिल्या तारेला शिवली की घड्याळाची वेळ टिपायची. डाग शिवला की पुन्हा टिपायची. मागची कडा शिवली की पुन्हा. दुसऱ्या तारेला तसेच. एवढ्या वेळा हाती आल्या की डागाचे स्थान त्रिकोणमितीने काढता येते. म्हणजे मोजण्याचे सगळे काम आकाशाची गती आणि एक चांगले घड्याळ मिळून करतात, माणसाने फक्त डोळे व कान जागे ठेवायचे.

ही पद्धत वाचून मला राहवेना. भूगोल विभागात एक लहान दुर्बीण कपाटात आहे. सरांच्या परवानगीने आणि सरांच्या देखत ती आम्ही दोघा-तिघांनी हिवाळ्यात गच्चीवर लावली. २०२४ मध्ये डागांचा फेरा शिखराला पोहोचला होता, त्यामुळे डाग शोधावे लागले नाहीत. ड्रॉइंगच्या कागदावर बशीएवढा सूर्य पडला आणि त्याच्यावर तिळाएवढे पाच-सहा ठिपके. मी पेन्सिलीने एकाभोवती रेघ ओढेपर्यंत सूर्य कागदावरून निघून गेला! दुर्बीण पुन्हा वळवायची, पुन्हा धावपळ. तीन दिवसांत आमचे ठिपके एका बाजूला सरकलेले स्पष्ट दिसले तेव्हा झालेला आनंद सांगता येत नाही. चौथ्या दिवशी ट्यूटोरिअल होते आणि आमची वेधशाळा बंद पडली. तीन दिवसांत आम्हाला जे जड गेले ते हा मनुष्य वर्षानुवर्षे करीत होता, आणि तेही इंग्लंडच्या ढगाळ हवेत, जेथे सूर्य दिसणे हीच बातमी.

१८५६ च्या सुमारास डाग जवळजवळ नाहीसे झाले. अशा वेळी कोरा पडदा पाहण्यात कोणाचे मन रमणार? पण कॅरिंग्टनने नोंदी सोडल्या नाहीत, आणि त्याच्या मोठ्या शोधांपैकी एक या रिकाम्या काळाच्या दोन्ही बाजूंना दडलेला होता. फेरा संपत आला तसतसे डाग विषुववृत्ताच्या जवळ जवळ येत गेले आणि तेथेच मावळले. नवा फेरा सुरू झाला तेव्हा नवे डाग उगवले ते विषुववृत्तापासून बरेच दूर, उत्तर व दक्षिण अशा दोन पट्ट्यांत. पुढे श्प्योरर या जर्मन शास्त्रज्ञाने हाच नियम विस्ताराने मांडला आणि पुस्तकांत त्याचेच नाव लागले.

दुसरा शोध याहून मोठा. सूर्याला स्वतःभोवती फिरायला किती दिवस लागतात याची उत्तरे निरनिराळी का येतात, याचे कारण त्याला सापडले. उत्तर एक नाहीच! विषुववृत्ताजवळचे डाग सुमारे २५ दिवसांत फेरी पुरी करतात. तेथून उत्तरेला वा दक्षिणेला जावे तसा वेळ वाढत जातो, आणि त्याच्या सूत्राप्रमाणे ४५ अंशांवर तो २७ ते २८ दिवसांच्या मध्ये येतो. पृथ्वीसारख्या घट्ट गोलावर असे होणे शक्य नाही. पुणे आणि लंडन यांना एका फेरीसाठी वेगवेगळा वेळ लागला तर पृथ्वीचे काय होईल! म्हणजे सूर्याचा पृष्ठभाग घन नाही, हे अकरा इंची पडद्यावरच्या ठिपक्यांवरून सिद्ध झाले. सूर्याचा आस पृथ्वीच्या कक्षेच्या मानाने सव्वासात अंश कललेला आहे हेही त्याने काढले, आणि ते मूल्य आजही वापरात आहे.

जुलै १८५८ मध्ये वडील वारले. ब्रेंटफर्डचा कारखाना आता त्याच्याकडे आला.

हा भाग मी दोन-तीनदा वाचला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांची पिठाची गिरणी आहे, सुट्टीत मी गिरणीवर बसतो. बीअरचा कारखाना कोठे आणि आमची गिरणी कोठे, ही तुलना हास्यास्पद आहे हे कळते मला. पण वडिलांचा धंदा हाक मारतो तेव्हा मुलाला जावे लागते, मग तो मुलगा सुवर्णपदकवाला का असेना. कॅरिंग्टनने धंदा ताबडतोब विकून का टाकला नाही असे कोणी विचारील. ज्या पैशावर वेधशाळा उभी होती तो पैसा त्याच कारखान्यातून येत होता, हे विसरून चालणार नाही. दिवसाची वेळ आता हिशेबाच्या वह्यांत जाऊ लागली. सूर्य तर दिवसाच दिसतो. नोंदींचा बराचसा भार साहाय्यकावर टाकावा लागला. त्या काळात तो सोसायटीचा एक सचिवही होता. अशी तिहेरी ओढाताण चालू असताना जी सकाळ उगवली तिने त्याचे नाव अजरामर केले.

गुरुवार, १ सप्टेंबर १८५९. त्या दिवशी तो रेडहिलला होता आणि आकाश स्वच्छ होते. सूर्याच्या उत्तर भागात डागांचा एक प्रचंड समूह आला होता. त्याने नेहमीप्रमाणे त्याचे चित्र काढले होते आणि तारांवरच्या वेळा टिपणे चालू होते. ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्या समूहावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन लखलखीत ठिपके एकाएकी उमटले. त्याला प्रथम वाटले, दुर्बिणीपुढच्या आडोशाला कोठे भोक पडले असावे आणि त्यातून उघडे ऊन आत येत असावे. म्हणून त्याने दुर्बीण किंचित हलवली. बाहेरचे ऊन असते तर ठिपके जागच्या जागी राहिले असते. ते प्रतिमेबरोबर सरकले. म्हणजे प्रकाश सूर्यावरचाच होता!

त्याने वेळ टिपली आणि साक्षीदार आणायला धावला. मला हा प्रसंग फार आवडतो. एकट्याने पाहिलेल्या गोष्टीवर जग विश्वास ठेवणार नाही, हे त्या गडबडीतही त्याला सुचले. पण साठ सेकंदांच्या आत तो परतला तेव्हा प्रकाश पार मंदावला होता. अकरा तेवीसला सगळे संपले. या पाच मिनिटांत ते ठिपके सूर्यावरून सुमारे ३५ हजार मैल सरकले होते. नंतर तो तासाहून अधिक वेळ पडद्यापाशी थांबला, पण पुन्हा काही दिसले नाही. आधी काढलेल्या चित्राशी डाग ताडून पाहिले, त्यांत तिळमात्र फरक नव्हता. जणू काही घडलेच नाही.

सुदैवाने साक्षीदार निघाला. लंडनजवळ हायगेट येथे रिचर्ड हॉजसन हा हौशी निरीक्षक त्याच वेळी सूर्य पाहत होता आणि त्यालाही तो प्रकाश दिसला होता. ११ नोव्हेंबरच्या सभेत दोघांची टिपणे वाचली गेली. आज आपण जिला सौरज्वाला म्हणतो तिची ही पहिली नोंद. दरम्यान क्यू येथील वेधशाळेच्या चुंबकमापकावर त्याच मिनिटांत एक लहानसा झटका उमटलेला आढळला, आणि साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या पहाटे, इतके भयंकर चुंबकीय वादळ सुरू झाले की मापकाची रेघ कागदाबाहेर गेली. एरवी ध्रुवांजवळच दिसणारा ध्रुवप्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेत तारायंत्रांच्या कचेऱ्यांतून ठिणग्या उडाल्या, आणि बोस्टन ते पोर्टलंड या मार्गावर तर बॅटऱ्या सोडवून ठेवून, केवळ आकाशातून आलेल्या विजेवर काही काळ तारा पाठवल्या गेल्या.

आणि आपले कुलाबे! तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत असत. आपले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी, या घटनेच्या कित्येक वर्षे आधी, त्याच वेधशाळेत काम करून गेले होते. कागदावर आपोआप रेघ उमटवणारे यंत्र कुलाब्याला तेव्हा नव्हते. माणसाने डोळ्यांनी पाहायचे आणि हाताने लिहायचे, असा प्रकार. २ सप्टेंबरला चुंबक बेभान होऊ लागला तेव्हा तेथील निरीक्षकांनी तासातासाच्या नोंदींवर न थांबता थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे लिहून काढले. मुंबईच्या वेळेप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, त्यातली जगभरची सरासरी घट ५८९ होती. एका ठिकाणचा आकडा आणि सरासरी यांची तुलना काटेकोर नव्हे, पण कल्पना येते. युरोपातली स्वयंचलित यंत्रे जेथे कागदाबाहेर गेली तेथे कुलाब्याच्या हातांनी लिहिलेले आकडे शाबूत राहिले. छापील खंडांत ते पडून होते. २००३ मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते जगापुढे मांडले, तेव्हा या वादळाचे खरे माप लोकांना कळले. ते आकडे लिहिणारा हात कोणाचा असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. तो बहुधा जेवायची वेळही विसरला असेल. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ लागल्यामुळे १९०४ मध्ये अलिबागला हलवाव्या लागल्या.

सूर्यावरचा प्रकाश आणि पृथ्वीवरचे वादळ यांचा संबंध आहे असे कॅरिंग्टनने ठासून सांगावे, असा मोह कोणालाही झाला असता. त्याने दोन्ही गोष्टींची वेळ सांगितली आणि एका घटनेवरून घाईने निष्कर्ष काढू नये असे बजावले. आमच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अशा संयमाला गुण मिळत नाहीत! तो संबंध मान्य व्हायला पुढे अर्धशतक जावे लागले. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिनसारख्या दिग्गजाने तो साफ नाकारला. १९०४ मध्ये माँडरने चुंबकीय वादळे सुमारे सत्तावीस दिवसांनी परत येतात हे दाखवले, म्हणजे सूर्याच्या फेरीशी त्यांची गाठ पडली. १९०८ मध्ये हेलने अमेरिकेत माउंट विल्सनवर डागांमध्ये प्रबळ चुंबकत्व असल्याचे सिद्ध केले. आज आपल्याला ठाऊक आहे की ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येतो आणि तिच्याबरोबर फेकला गेलेला विद्युतभारित वायूचा लोट मागाहून येतो. त्याला एरवी दोन ते चार दिवस लागतात. १८५९ चा लोट साडेसतरा तासांत आला, म्हणजे सेकंदाला सरासरी २४०० किलोमीटरच्या आसपास वेगाने.

या यशानंतर लवकरच त्याचे दिवस फिरले. १८६० मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८६१ मध्ये चॅलिस यांनी केंब्रिज वेधशाळेचे काम सोडले. आपल्या गुरूची ती जागा कॅरिंग्टनला हवी होती. ती मिळाली असती तर धंद्यातून सुटका करून घेऊन पूर्णवेळ आकाशाकडे वळण्याची सोय झाली असती. जागा गेली ॲडम्सकडे. नेपच्यून ग्रहाचे गणित करणारा ॲडम्स काही लहान माणूस नव्हता, तेव्हा अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण कॅरिंग्टनचा स्वभाव सडेतोड, काहीसा तापट होता. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

२४ मार्च १८६१ रोजी त्याने सूर्याची शेवटची नोंद केली आणि रेडहिलची वेधशाळा विकून टाकली. सात वर्षे साडेचार महिने झाले होते. आणखी साडेतीन वर्षे कोणी दिली असती तर? या प्रश्नावर मी बराच अडखळलो. सरांना विचारले तर ते म्हणाले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने जर-तर विचारू नये. असो. ५२९० निरीक्षणे आणि ९५४ डागसमूह असा संग्रह हाती होता. रॉयल सोसायटीच्या साह्याने १८६३ मध्ये तो १६६ चित्रपटांसह ग्रंथरूपाने निघाला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या अकादमीने त्याला लालांद पारितोषिक दिले.

१८६५ च्या सुमारास मोठे आजारपण आले. त्यातून तो पुरता सावरलाच नाही. कारखाना शेवटी विकला, पण तोवर प्रकृतीने साथ सोडली होती. सरेमध्येच चर्ट येथे तीन टेकड्या आहेत, लोक त्यांना सैतानाच्या उड्या म्हणतात. त्यांतल्या मधल्या टेकडीवर त्याने नवे घर आणि दुसरी वेधशाळा बांधली. घड्याळाला हवामानाचा त्रास होऊ नये म्हणून टेकडीच्या पोटात भुयार खणले. एवढा खटाटोप केला, पण तेथून रेडहिलच्या तोडीचे काही निघाले नाही.

१८६९ मध्ये त्याने रोझा नावाच्या तरुणीशी लग्न केले. तिच्या पूर्वायुष्यातील एक मनुष्य, जो स्वतःला तिचा भाऊ म्हणवीत असे पण भाऊ नव्हता, १८७१ मध्ये घरी येऊन तिच्यावर चाकूने वार करून गेला. ती वाचली, त्याला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली, आणि सारे प्रकरण वर्तमानपत्रांनी चघळले. १७ नोव्हेंबर १८७५ रोजी रोझा बिछान्यात मृत आढळली. झोपेसाठी घेत असलेले क्लोरल प्रमाणाबाहेर गेले होते. तिची नीट काळजी घेतली गेली नाही, असा ठपका चौकशीत कॅरिंग्टनवर ध्वनित झाला. यावर आज मी काय लिहावे? त्या घरात काय घडले हे आपण जाणत नाही, आणि सूर्याचे डाग अचूक मोजणाऱ्याला म्हणून झुकते माप द्यावे असेही नाही. नोकरचाकर निघून गेले. दहा दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, तो घरात शिरताना शेवटचा दिसला आणि पुढे बंद खोलीत एकटाच मृतावस्थेत सापडला. दुखऱ्या कानावर चहाच्या पत्तीचे पोटीस बांधलेले होते. मेंदूत रक्तस्राव झाला असावा असे निदान निघाले. वय एकोणपन्नास.

मृत्युपत्रात त्याने सोसायटीला दोन हजार पौंड ठेवले. डागांची मूळ चित्रे सोसायटीच्याच संग्रहात गेली, आणि १ सप्टेंबरच्या त्या समूहाचे, दोन पांढऱ्या ठिपक्यांसह काढलेले चित्र पुस्तकापुस्तकांतून छापले जाते. सूर्याच्या फेऱ्या कोठून मोजायच्या यासाठी त्याने ९ नोव्हेंबर १८५३ हा दिवस धरला होता, म्हणजे ज्या दिवशी त्याने वही उघडली तो. पृथ्वीवरून पाहता एक फेरी सरासरी २७.२७५३ दिवसांची. ही मोजणी त्याच्यानंतर कोणी थांबवली नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेपासून २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेल्या आपल्या आदित्य यानापर्यंत सगळ्यांच्या नोंदींना तिचा आधार आहे. आमच्या गच्चीवरच्या तीन दिवसांचा क्रमांकही सरांनी शोधून दिला. तो २३०० च्या घरातला होता. मी तो ड्रॉइंगच्या कागदाच्या कोपऱ्यात, ठिपक्यांच्या शेजारी, शाईने लिहून ठेवला आहे.